कप्तानांच्या गुडघ्याचं अपील

“गुडघा दुखतो का?” काकूंनी कप्तानांचा चष्मा स्वतःच्या नाकावर चढवून, आवाज होता होईल तेवढा जाड करून विचारलं.

“नाही साहेब!” कप्तान खुर्चीतून ताडकन उठले आणि टाचा जुळवून उभे राहिले.

“बसा. पुन्हा. जिना चढताना त्रास होतो का?”

“अजिबात नाही साहेब!”

काकूंनी चष्मा काढून टेबलावर आपटला. “अहो, काल आंघोळ करून बाहेर आलात तेव्हा भिंतीला धरून उभे होतात. या डोळ्यांनी पाहिलंय मी. आणि मला सांगताय अजिबात नाही?”

“तू चष्मा लावलास की बायको वाटत नाहीस गं,” कप्तान ओशाळून म्हणाले. “अधिकारी वाटतेस. मग तोंडातून आपोआपच निघतं.”

कप्तान काही खरे कप्तान नव्हते. उभी हयात त्यांनी लष्करात ट्रक चालवला होता. पण निवृत्त होऊन इमारतीत कायमचे राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी पार्किंगमधल्या सगळ्या दुचाक्या एका रेषेत लावून टाकल्या, तेव्हापासून शेजाऱ्यांनी त्यांना ही बढती दिली होती. गुडघा मात्र खराखुरा लष्करातच कामी आला होता. चिखलात रुतलेला ट्रक काढताना चाकाखाली घातलेली फळी उसळली आणि गुडघ्यावर बसली. त्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, तर यांनी सांगितलं, “खरचटलंय साहेब,” आणि तोच ट्रक घेऊन पुढचा घाट उतरले.

यात त्यांचा तरी काय दोष? सैन्यात रोज सकाळी अधिकारी रांगेसमोर उभा राहून विचारतो, “कुणाला काही तक्रार?” आणि सगळी रांग एका दमात ओरडते, “नाही साहेब!” या प्रश्नाला दुसरंही उत्तर असू शकतं, हे कप्तानांना कुणी सांगितलंच नव्हतं. पोट बिघडलेलं असो, बुटात पाणी शिरलेलं असो, घरी मुलगी तापाने फणफणलेली असो, तक्रार नसे ती नसे. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने अपंगत्व किती टक्के ते ठरवायला बोलावलं, तेव्हाही हे ताठ चालत आत गेले, सलाम ठोकला, “किरकोळ आहे साहेब” म्हणाले आणि ताठ चालत बाहेर आले. मंडळाने त्यांना इतके कमी टक्के दिले, की तेवढे तर नुसत्या नखुरड्यालाही मिळाले असते.

आता उद्या अपील होतं. कागदावर गुडघा ‘किरकोळ’ होता तोवर कुणी ऑपरेशन करणार नव्हतं; टक्के वाढले तर लष्करी रुग्णालयात नवा गुडघा बसवून मिळणार होता. नाही वाढले, तर आहे तोच गुडघा शेवटपर्यंत सांभाळायचा होता. अपील एकदाच करता येत होतं.

आणि काकूंना तो गुडघा हवा होता. इमारतीच्या मागे एक तळं होतं, तळ्याभोवती छान पायवाट होती. कप्तान नोकरीत असताना सुट्टीवर आले, की जायच्या आदल्या दिवशी हमखास म्हणायचे, “एकदा निवृत्त होऊ दे मला. रोज संध्याकाळी तळ्याला पुरती चक्कर. तू आणि मी.” काकूंनी त्या एका वाक्यावर अर्धं आयुष्य एकटीने काढलं होतं. निवृत्त होऊन आता चार वर्षं झाली, पण चक्कर काही पुरी झाली नव्हती. पहिला बाक आला की कप्तान म्हणत, “वा, काय पाणी दिसतंय इथून! बसूया जरा.” काकू तर त्यांच्याही आधी बसलेल्या असत. दोघं अंधार पडेपर्यंत पाणी बघत आणि आल्या वाटेने परत जात. इमारतीत सगळ्यांची समजूत होती, की या जोडप्याला निसर्गाचं फार वेड आहे.

“हे बघा,” काकू म्हणाल्या, “उद्या फक्त खरं बोलायचं. नाटक नको, लंगडणं नको. दुखतं तर दुखतं म्हणायचं. म्हणा बघू.”

“दु...” कप्तानांनी आवंढा गिळला. “थोडंसं जाणवतं.”

“थोडंसं कशाला?”

“सवय नाही गं तोंडाला.”

पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यात अर्थ नव्हता. काकूंनी तालीम थांबवली आणि हाताशी होतं ते काम सुरू केलं. उद्या लांबचा प्रवास, ताटकळत बसायचं, गुडघ्याला त्रास नको, म्हणून त्यांनी तेल कोमट करून आणलं आणि चांगला तासभर गुडघा चोळला. नंतर मुलीने पाठवलेली विजेची शेकण्याची पिशवी गुंडाळली. पायाखाली दोन उशा दिल्या. “आता जागचं हलायचं नाही,” असं बजावलं, आणि पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उठून आणून दिला. सकाळी पुन्हा तेल, पुन्हा शेक.

तेवढ्यात तळमजल्यावरचा सुतार वर आला. त्याच्यामागे टॅक्सीवाला होता. सुताराने हातांची एक भक्कम खुर्ची खांद्यावर आणली होती.

“कप्तान, बसा,” सुतार म्हणाला. “लिफ्ट नाही, तीन मजले आहेत. आज पायऱ्या उतरायच्या नाहीत. काकूंचा हुकूम आहे.”

“अरे, मी काय म्हातारा आहे?”

“नाही हो, सामान आहात. मी रोज कपाटं उतरवतो, त्यांचं कधी ऐकून घेतो का?”

कप्तान खुर्चीत बसून तीन मजले उतरले. मजल्यामजल्यावर दारं उघडली, लोकांनी “जिंकून या कप्तान!” म्हणून हात हलवले. काकू पिशवी घेऊन मागून येत होत्या. त्यांना जिन्याच्या प्रत्येक वळणावर कुणाशी तरी बोलायचं असे, तशा आजही त्या थांबत-बोलत उतरल्या. खाली टॅक्सीवाल्याने पुढची सीट पार मागे सारून ठेवली होती. “पाय लांब करा कप्तान, खड्डा आला की सांगतो,” असं म्हणून त्याने अशी गाडी चालवली, की मागचे लोक हॉर्न वाजवून थकले. कप्तानांना वाटेत डुलकीसुद्धा लागली.

रुग्णालयात खिडकीपाशी नाव सांगितल्यावर कारकून म्हणाला, “बसा, अजून बराच वेळ आहे.” दोघं बाकावर बसली. काकूंनी शेवटची पाहणी करावी म्हणून विजारीचा पाय वर सारला, गुडघा चाचपला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“अहो, सूज कुठे गेली?”

“कसली?”

“रोजची. इथे असते ती.” त्यांनी गुडघ्याची वाटी चारी बाजूंनी दाबून पाहिली. “दुखतंय?”

“नाही गं,” कप्तान म्हणाले. आणि मग स्वतःच चकित होऊन त्यांनी पाय लांब केला, जवळ घेतला. “अगं, खरंच नाही. काय हलकं वाटतंय! तुझ्या हातात जादू आहे बघ.”

काकूंनी कपाळावर हात मारला. तेल, शेक, उशा, खुर्ची, टॅक्सी! ज्या दिवशी गुडघा चारचौघांत सुजलेला हवा, नेमका त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून तो लग्नाच्या वेळी होता तसा करून ठेवला होता. सगळं मुसळ केरात.

“उठा,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

“तो जिना दिसतोय ना? चढायचा आणि उतरायचा. सूज आली पाहिजे.”

“अगं, ही फसवणूक झाली,” कप्तान दबक्या आवाजात म्हणाले.

“फसवणूक कसली? कुणाची उसनी सूज आणतोय का आपण? रोज असते तीच परत आणायचीय. आपली स्वतःची आहे.”

या युक्तिवादापुढे कप्तानांचं काही चालेना. ते उठले. वाटेत थांबून चकवतील म्हणून काकूही सोबत निघाल्या. पहिला मजला झाला. कप्तानांनी थांबून गुडघ्याचा अंदाज घेतला आणि मान हलवली. काही नाही. दुसरा झाला. तरी काही नाही. उलट रात्रभर शेकलेला, उशीवर लोळलेला गुडघा आता तरतरीत होऊन त्यांनाच ओढायला लागला. खाली उतरून ते पुन्हा चढायला लागले. दुसऱ्या खेपेला त्यांना चक्क मजा वाटू लागली. कित्येक वर्षांत ते असे चढले नव्हते.

“अगं, चल ना भरभर!” त्यांनी वरून हाक मारली.

“तुम्ही व्हा पुढे,” काकू खालच्या वळणावरून म्हणाल्या. त्या कठड्याला धरून भिंतीवरची सूचना वाचत होत्या. तिथे फक्त ‘थुंकू नये’ एवढंच लिहिलेलं होतं, पण त्या बराच वेळ वाचत होत्या.

त्याच जिन्यावर एक प्रौढ बाई मोठी कातडी बॅग सावरत, धापा टाकत वर निघाल्या होत्या. लिफ्टपाशी आज रांग होती. कप्तानांनी आयुष्यात कधी कुणाला ओझं घेऊन पुढे जाऊ दिलं नव्हतं.

“द्या मॅडम इकडे,” म्हणून त्यांनी बॅग घेतली आणि एकेक पायरी गाळत वर पोचले. बाई वर येईपर्यंत ते बॅग घेऊन ताठ उभे होते.

“काय हो तुमची तब्येत!” बाई कौतुकाने म्हणाल्या. “दम नाही, काही नाही.”

“मेहेरबानी मॅडम,” कप्तान खुलून म्हणाले. “पाय दणकट आहेत.”

थोड्या वेळाने कारकुनाने नाव पुकारलं. दोघं आत गेली. टेबलापलीकडे त्याच बाई बसल्या होत्या, आणि टेबलावर तीच बॅग होती. मंडळाच्या प्रमुख डॉक्टर त्याच होत्या. काकूंना दरदरून घाम फुटला. कप्तानांनी मात्र टेबल दिसताच टाचा जुळवल्या आणि असा सलाम ठोकला, की खिडकीची काच थरथरली.

डॉक्टरांनी समोरचे कागद पाहिले. मग कप्तानांकडे पाहिलं. मग पुन्हा कागद.

“गुडघ्याचं अपील तुमचंच का?”

“होय मॅडम!”

“झोपा त्या तपासणीच्या टेबलावर.” डॉक्टरांनी पाय वाकवला, सरळ केला, फिरवला, दाबला. “दुखतं?”

काकूंनी मागून घसा खाकरला. कप्तानांनी छताकडे पाहिलं. त्यांच्या मनात कुठेतरी बायकोचे शब्द होते, पण अधिकारी प्रश्न विचारत होता आणि जिभेला एकच वाट ठाऊक होती.

“नाही मॅडम!”

“जिना चढताना?” असं विचारून डॉक्टर स्वतःच हसल्या. “जाऊ दे. ते मी पाहिलंच आहे. उतरा खाली.” त्या टेबलामागे जाऊन बसल्या. “हे बघा, तुमची नोकरी चांगली झालीय, अपघाताची नोंदही आहे. पण हा गुडघा बघून टक्के कसे वाढवू मी? हे अपील मला...”

“थांबा मॅडम!” काकू पुढे आल्या. एरवी साध्या कारकुनाशी बोलतानाही चाचरणाऱ्या काकू आज घडाघडा बोलायला लागल्या. “चूक यांची नाही, माझी आहे. मी काल तेल लावलं. शेक दिला. सकाळी पुन्हा शेक दिला. जिना उतरायला नको म्हणून खुर्चीत घालून आणलं. इथे येऊन बघते तर सूजच नाही! म्हणून मीच यांना जिना चढायला लावला. सूज यावी म्हणून. पण येईल तर शपथ! यांचं रोज दुखतं मॅडम. हे सांगत नाहीत, पण मला कळतं. बाथरूममधून बाहेर यायला यांना इतका वेळ लागतो, की मला वाटतं आत झोपले.”

कोपऱ्यात बसलेल्या लेखनिकाने हसू दाबायला तोंडावर हात धरला. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. त्या काकूंच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत होत्या. काकूंनी सगळं बोलणं एका पायावर उभं राहून केलं होतं. दुसरा पाय जमिनीला जेमतेम टेकलेला होता, आणि एका हाताने खुर्चीची पाठ घट्ट धरलेली होती.

“तुम्हीही चढलात जिना? यांच्याबरोबर?”

“हो. नाहीतर हे चकवतात.”

“बसा खाली.”

“माझं काय मॅडम, मी नुसती सोबत आलेय...”

“बसा म्हणते ना.”

काकू बसल्या. डॉक्टरांनी उठून त्यांचा गुडघा पाहिला. तो चांगलाच फुगला होता. सूज आली होती खरी, पण चुकीच्या पत्त्यावर.

“किती दिवसांचं आहे हे?”

“कुठे काय, किरकोळ आहे,” काकू पाय मागे ओढत म्हणाल्या. “चालायचंच.”

कप्तान खुर्चीपाशी सावधान उभे होते. ‘किरकोळ’ हा शब्द कानावर पडला आणि ते चमकले. तो शब्द त्यांचा होता. आयुष्यभर त्यांनीच वापरलेला. त्याचा अर्थ काय होतो, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना जिन्यातली वळणं आठवली, वळणावळणावर शेजाऱ्यांशी रंगलेल्या गप्पा आठवल्या, तळ्याकाठचा पहिला बाक आठवला. आपण मोठे हुशार, बायकोला फसवून बाकावर बसतो, असं त्यांना इतके दिवस वाटत होतं. आणि बायको त्यांच्या आधी का बसते, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

“बघू,” ते म्हणाले. ते मॅडमना विसरले, टेबलाला विसरले, सावधान उभं राहायचंही विसरले. ते पुढे झाले आणि बायकोचा पाय हातात घ्यायला सरळ फरशीवर गुडघे टेकून बसले.

दुखऱ्या गुडघ्यावर अंगाचा सगळा भार आला. आत कुठेतरी काहीतरी कट्‌कन अडकलं.

“आई गं!!”

ती किंकाळी बाहेर बाकावरच्या माणसांनी ऐकली, खिडकीतल्या कारकुनाने ऐकली. लेखनिकाच्या हातातलं पेन खाली पडलं.

“अहो!” काकूंनी त्यांचे खांदे धरले. “दुखतंय?”

कप्तानांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. समोर अधिकारी नव्हता, चष्मा नव्हता. बायकोचं तोंड होतं, अगदी जवळ.

“दुखतंय गं,” ते म्हणाले. “खूप दुखतंय. रोज दुखतं. रात्री कूस बदलताना दुखतं. तुला जाग येईल म्हणून मी कूसच बदलत नाही.”

“मी जागीच असते,” काकू म्हणाल्या. “माझाही दुखतो ना.”

“मग बोलली का नाहीस?”

“कुणाला बोलणार? तुम्ही घरी नव्हता तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं. पाण्याच्या बादल्या, गॅसची टाकी, पोरीला कडेवर घेऊन तीन मजले, होतच गेलं. आणि तुम्ही घरी आलात, तर गुडघा घेऊनच आलात. एका घरात दोन-दोन गुडघे कसे दुखवायचे?”

कप्तानांनी तिच्या सुजलेल्या गुडघ्यावर अलगद हात ठेवला. लेखनिकाने हळूच विचारलं, “मॅडम, काय लिहू?”

“जे ऐकलंस ते,” डॉक्टर म्हणाल्या. त्या खाली वाकल्या आणि कप्तानांच्या गुडघ्यावर बोटं फिरवून म्हणाल्या, “आतली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, अडकलीय. टेबलावर झोपवून हे दिसलं नसतं मला, आणि तुम्ही तर जन्मात सांगितलं नसतं. अपील मंजूर. टक्के वाढवते, आणि ऑपरेशनला नाव घालते. आणि काकू, सैनिकाच्या बायकोवर इथे उपचार होतात, हे तुम्हाला माहीत नव्हतं का?”

“माहीत होतं,” काकू पुटपुटल्या. “पण म्हटलं आधी यांचं होऊ दे.”

“आधी हिचं करा मॅडम,” कप्तान फरशीवरून म्हणाले.

“काही नको, यांचं अपील आहे, यांचं आधी.”

“अगं, तुझा सुजलाय!”

“तुमचा अडकलाय!”

“गप्प बसा दोघं!” डॉक्टर कडाडल्या. “खोटं बोलणाऱ्या पेशंटांना मी मत विचारत नसते. कुणाचं आधी ते मी ठरवीन. आता उठा तुम्ही, तिथे किती वेळ बसणार?”

कप्तानांनी दोन्ही हात फरशीवर टेकले. पाठ ताठ केली. सवयीने छाती पुढे आली, हनुवटी वर गेली, आणि तोंडात “होय मॅडम” तयार झालं. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि ते शब्द परत गिळले.

“जमत नाही, मॅडम,” ते म्हणाले. “कुणीतरी हात द्या.”

लेखनिक धावला, डॉक्टर पुढे झाल्या. काकूंनी मात्र हात दिला नाही. त्या खुर्चीत बसून, पोराने भर सभेत न अडखळता कविता म्हणून दाखवावी तशा कौतुकाने एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या.

“ऐकलंत ना?” त्यांनी डॉक्टरांना विचारलं. “स्वतःच्या तोंडाने म्हणाले.”